सक्तीची वर्गणी आणि आमचे व्याही

मुलाने परदेशात घर केलं त्या डँडेनॉन्गपासून थेट समुद्रापर्यंत आमच्या व्याह्यांइतका भित्रा माणूस दुसरा नाही, हे मी कोऱ्या कागदावर सही करून द्यायला तयार आहे. मी चौथीपर्यंत शिकलेला, इस्लामपूरला ट्रकचे टायर खोलण्यात जन्म गेला. व्याही पाणीपुरवठा खात्यात बत्तीस वर्षं कारकून. शिक्षण त्यांचं जास्त, त्यामुळे भिण्यासारख्या गोष्टीही त्यांना जास्त माहीत. रस्ता ओलांडायचा तर सिग्नलवरचा हिरवा माणूस लागेपर्यंत थांबतात, आणि तो लागला की म्हणतात, "हा आता जायला आला असेल, पुढचा धरू." कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र आलं की आधी देवासमोर ठेवतात, आंघोळ करतात, मग माझ्या सुनेला, म्हणजे त्यांच्या मुलीला, उघडायला लावतात. आत निघतं काय, तर कचऱ्याच्या डब्यांचं वेळापत्रक. वसंतात इथले मॅगपाय पक्षी डोक्यावर झडप घालतात, म्हणून त्यांनी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यावर मागच्या बाजूने दोन डोळे काढले आणि तो डोक्यावर घालून फिरू लागले. पक्षी राहिले बाजूला, गल्लीतली कुत्री मात्र तेव्हापासून त्यांच्यावर भुंकतात.

पण त्यांची खरी भीती वेगळीच होती, ती मला फार उशिरा कळली. घर माझ्या मुलाचं. म्हणजे मी राहतो मुलाकडे आणि ते जावयाकडे, एकाच छपराखाली. मी पाय पसरून बसायचो, ते खुर्चीच्या कडेवर. जेवताना पहिला भात संपला की त्यांचा हात ताटावर आडवा. "पोट भरलं, व्याही." कुठलं भरतंय! मग दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं ॲस्परॅगसच्या शेडमध्ये कामाला लागलो. ॲस्परॅगस म्हणजे बोटाएवढ्या जाडीची हिरवी काडी. ती फिरत्या पट्ट्यावरून येते, वाकडी बाजूला काढायची, सरळ असेल तिची जुडी बांधायची. सीझन तीन महिन्यांचा आणि काम पक्कं नाही. रोज संध्याकाळी साडेपाचला फोनवर मेसेज येतो. आला तर उद्या शिफ्ट, नाही तर बसा घरी. पहिला पगार झाला त्या दिवशी व्याह्यांनी पिशवीभर भाजी स्वतः आणली, आणि जेवताना दुसरा भात मागून घेतला.

यंदा शेडमध्ये बातमी फुटली की पुढच्या सीझनपासून आमच्यासारख्या हंगामी लोकांच्या मजुरीतूनही युनियनची वर्गणी सक्तीने कापणार. मी भडकलो. माझ्या मजुरीला हात लावणारा हा कोण? व्याही मात्र खुलले. म्हणाले, "कापू द्या हो. आमच्या खात्यात सगळ्यांची कापायचे. सक्ती बरी असते, व्याही. साहेबाने विचारलं तर सांगता येतं, मी कुठे दिली, त्यांनी कापली!"

पट्ट्यावर त्यांच्या शेजारी एक कंबोडियाची बाई उभी राहायची. व्याह्यांचा खांदा मागे वळत नाही, म्हणून त्यांच्या एप्रनची गाठ रोज तीच मारायची. एकमेकांची भाषा शून्य, नुसतं हसायचे. एक दिवस ओल्या फरशीवर ती घसरली, मनगट टम्म सुजलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तिला मेसेजच येईना. जागा रिकामी. कोणी विचारलं नाही. मीही नाही. एवढा तोंडाचा फाटका मी, पण खाली मान घालून काड्या निवडत राहिलो.

त्याच आठवड्यात चहाच्या सुट्टीत युनियनची बाई आली, नारिंगी जॅकेट घालून. म्हणाली, बातमी खोटी आहे, या देशात अशी सक्ती करताच येत नाही. ज्याला वाटेल त्याने फॉर्म भरावा. फॉर्म टेबलावर ठेवले. समोर फ्रिजला टेकून सुपरवायझर हाताची घडी घालून उभा. व्याही पांढरेफटक पडले. माझ्या कानाशी लागून म्हणाले, "सक्ती नाही? मग नाव आपल्या हाताने लिहायचं? सगळ्यांदेखत?"

"नका लिहू," मी म्हटलं. "कोणी गळ्याला सुरी लावलीय?"

वीस माणसं आपापल्या कपात बघत बसलेली. मग एक खुर्ची सरकली. बघतो तर व्याहीच उठलेले. गाठ मारायला कोणी नसल्यामुळे एप्रनच्या नाड्या मागे लोंबत होत्या. त्यांनी फॉर्मवर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं वळणदार सरकारी अक्षरात लिहिलं. मग बाईला विचारलं, "त्या मनगटवाल्या बाईंची तुम्ही चौकशी कराल ना?" आणि लगेच, सवयीने, "पावती मिळेल?"

त्या संध्याकाळी माझा फोन वाजला, त्यांचा नाही. "रेंज नसेल," म्हणाले, आणि मागच्या अंगणात फोन आभाळाकडे धरून उभे राहिले, डोक्यावर डबा घालायचंही विसरून. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी जेवताना पहिला भात संपला आणि हात ताटावर आडवा झाला. "पोट भरलं, व्याही."

चौथ्या दिवशी युनियनच्या बाईने नोटिसांच्या फळ्यावर टाचून ठेवलेला फॉर्म मी ओढून काढला आणि सुपरवायझरच्या टेबलावरच सही ठोकली, मराठीत; मला तेवढीच येते. सक्ती केली असती तर मेलो तरी केली नसती. त्याने एकदा सहीकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. दिवसभर माझे हात गार पडले होते, आणि ते काही थंडीने नव्हे. एवढं इथे लिहितोय, तोंडाने कोणाला सांगणार नाही.

संध्याकाळी साडेपाच वाजून गेले. टेबलावर दोन फोन शेजारी-शेजारी, दोन्ही गप्प. व्याही आपल्या फोनकडे बघतच नव्हते, त्यांचे डोळे माझ्या फोनवर.

"तुमचा वाजला नाही हो अजून."

"वाजेल."

"तुम्ही कशाला केलीत सही? तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

हिरवा माणूस, कौन्सिल, मॅगपाय, त्यांच्या काळज्यांच्या एवढ्या लांबलचक यादीत आता माझंही नाव लागलं होतं. सुनेने पानं वाढली. पहिला भात संपला. व्याह्यांचा हात ताटाकडे निघाला, त्याच्या आधी मीच डाव उचलला आणि त्यांना भात वाढला. फोन तसेच गप्प. व्याह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि वरणासाठी ताट पुढे केलं.