पंख लावले त्या दिवशी

विमान मी वरकुट्याच्या शेतातल्या शेडमध्ये बांधलं. नोकरी बारामतीत, सुट्टीच्या दिवशी विमान. बघायला येणारा प्रत्येक जण सल्ला द्यायचा, म्हणून पंख लावायची वेळ आली तेव्हा मला कुणाची मदत नको, असं मी जाहीर केलं. दिवसही असा निवडला, की शेजारच्या वस्तीवरच्या मुलाचं निमगाव केतकीला लग्न होतं आणि झाडून सगळे तिकडं गेले होते. जाताना बायकोनं विचारलं, एकट्याला जमेल का. मी नुसता हसलो.

नळ्यांचा आणि कापडाचा पंख तसा हलका, पण लांबलचक. टोकाखाली टेकू म्हणून लाकडी घोडा ठेवला, मुळाशी, जिथं पंख विमानाला जोडतात तिथं, पुढचा बोल्ट घातला. मागचा घालणार, तेवढ्यात घोडा कलंडायला लागला. धावत जाऊन मी टोक खांद्यावर घेतलं. आता सोडलं तर मुळाशी सगळं पिळवटणार, आणि मागचा बोल्ट पडलेला तिकडं, सीटवर. मदतीसाठी आजूबाजूला पाहिलं. एक म्हैस होती.

शेवटी खिशातला फोन काढून बायकोला लावला. मागं मंगलाष्टकं चालली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, "अक्षता पडल्या की येते. तवर धरून ऱ्हावा."

फोन तिनंही बंद केला नाही, मीही नाही. दर 'सावधान'ला मी खांदा सावरत होतो.

ती पैठणी खोचून स्कुटीवरून आली. मी म्हणालो, तू टोक धर, बोल्ट मी घालतो. तिनं पंखाकडं पाहिलं, पैठणीकडं पाहिलं आणि सरळ बोल्ट उचलला. मी लांबूनच सूचना द्यायला लागलो.

"तुमी बोलू नका," भोकाला डोळा लावून ती म्हणाली. "नुस्तं वर घ्या. आणखी थोडं. आता हलू नका."

बोल्ट गेला. माझ्याच विमानाचा मी घोडा झालो होतो. दुसरा पंखही तसाच लागला, मी टोकाखाली आणि ती मुळाशी.

संध्याकाळी नवरा-नवरी घरी जाताना शेडपाशी थांबले. नवरीला विमानापुढं फोटो हवा होता. विमान अजून उडायचंय, पण तो फोटो कधीच गावभर फिरलाय. मधे ती दोघं, शेजारी पंखावर हात ठेवून माझी बायको. मी बोल्टला लावायची सांडलेली पिन शोधायला शेपटीखाली शिरलो होतो. माझे पाय तेवढे आलेत.