कप्तानाचा आवाज आणि कपड्यांचा स्टँड

धाकट्या, पत्र तुला आहे, पण गोष्ट तुला सांगत नाही. तुला सांगायला बसलं की "तसं नव्हतं ताई" म्हणत तू वायरी काढून दाखवायला लागतोस. तेव्हा तू गप्प बसून ऐक, मी बाकीच्यांना सांगते.

तर हा धाकटा पंखे, मिक्सर आणि पाण्याचे पंप दुरुस्त करता करता म्हातारा झाला. बायको गेल्यावर थोरल्या बहिणीच्या शेजारच्या खोलीत राहायला आला, तो रेडिओ काखेत मारूनच. गाणी ऐकायचा रेडिओ नव्हे. परीक्षा देऊन, परवाना काढून, जगाच्या पाठीवरच्या दुसऱ्या तसल्याच वेड्याशी बोलायचा. इमारतीच्या मंडळींनी गच्चीवर तार बांधू दिली नाही. मग स्वारीने रेडिओचं सगळं बिऱ्हाड आपल्या जुन्या व्हॅनमध्ये हलवलं आणि मागच्या बाजूला नवाकोरा अँटेना बसवला. बटण दाबलं की त्याच्या बुडातली मोटर घुर्र करी, काठी वर-खाली होई आणि सूर जुळला की आपोआप थांबे. "आपण हात लावायचा नाही," तो येईल त्याला सांगे. "त्याचं त्याला कळतं." चौकात लाल दिव्याला काठी नाचू लागली की मागचे लोक हॉर्न वाजवायचे विसरत.

रेडिओवर त्याचा एकच जिवाचा दोस्त. समुद्रापलीकडचा एक म्हातारा. जन्मभर बोटीवर स्वयंपाक केलेला, पण धाकटा त्याला कप्तान म्हणे. दर रविवारी सकाळी दोघे मोडक्या इंग्रजीत बोलत. काय बोलत? "मी कसा ऐकू येतो?" "बरा येतोस. मी?" "मघापेक्षा बरा." एवढ्यावर वर्षानुवर्षं मैत्री टिकली. संसार याहून कमी भांडवलावर चालतात म्हणा.

मग एका रविवारी कप्तानाने सांगितलं, की तो आता लेकीकडे राहायला चाललाय. तिथे तार बांधायला परवानगी नाही. रेडिओचा सेट विकून टाकला, गिऱ्हाईक आठवड्याने नेणार. म्हणजे पुढचा रविवार शेवटचा.

त्या रविवारी धाकट्याने मैदानाच्या कडेला गाडी लावली. बरोबर थोरली होती, कारण तिचा कपडे वाळत घालायचा, सांधा सुटलेला लोखंडी स्टँड टपावर बांधला होता. बोलणं आटोपलं की तो वेल्डिंगवाल्याकडे न्यायचा होता.

बटण दाबलं. घुर्र. काठी वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. थांबेचना. अँटेना जुळला नाही की सेट आपला जोर आवरता घेतो आणि बोललेलं मैदानापलीकडेही जात नाही. कप्तानाच्या हाकांवर हाका मात्र इकडे ऐकू येतायत.

"बिघडला," थोरली म्हणाली.

"बिघडला नाही. शोधतोय."

"काय शोधतोय? चष्मा?"

"ताई, गप्प बस ना जरा!"

धाकट्याने बॉनेट उघडलं, गाडीखाली आडवा झाला, तारा ओढून पाहिल्या. कपाळाला ग्रीस, आणि डोळे भरून आलेले. थोरली बघायला मागे गेली तर घुर्र आणखीच चढली.

"लांब हो! तू जवळ आलीस की बिथरतो तो."

"माझ्या अंगावर घसरू नकोस. टपावरचं ते लोखंड काढ आधी."

"त्याचा काय संबंध? आपोआप जुळणारा आहे हा!"

"काल जुळत होता ना? काल टपावर स्टँड होता का?"

धाकट्याने वर पाहिलं. मागे डोकावणारे स्टँडचे पाय काठीला जवळजवळ टेकले होते. ती बिचारी त्या लोखंडाशीच जमवून घ्यायला धडपडत होती. त्याने दोरी सोडून स्टँड खाली उतरवला आणि गाडीला टेकवला. तरी घुर्र. शेवटी थोरलीने तो उचलला आणि तरातरा रस्ता ओलांडला.

"झालं का?" पलीकडच्या फुटपाथवरून ती ओरडली.

घुर्र, आणि काठी थांबली.

धाकटा बोलत होता तोवर थोरली स्टँड धरून उभी. जाणारी एक बाई थबकली. "विकायचाय का हो?"

"कोण, स्टँड की भाऊ?" थोरली म्हणाली.

गाडीत कप्तानाने विचारलं, "कसा ऐकू येतो?" "स्वच्छ," धाकटा म्हणाला. मग कप्तानाने लेकीकडचा फोन नंबर सांगितला. धाकट्याने तो तळहातावर लिहून घेतला आणि स्टँड सांधून होईपर्यंत मूठ काही उघडली नाही.

घरी आल्यावर मात्र, धाकट्या, तू तो हात माझ्यापुढे धरलास. "ताई, तू लाव."

"दोस्त तुझा, मी कशाला?"

"फोनवर काय बोलू गं? तिथे सगळं नीटच ऐकू येतं."

मी नंबर माझ्या फोनमध्ये घालून ठेवला. रविवारी लावू म्हणालो. त्या रविवारी लेकीने उचलला तर कोण बोलतंय म्हणून सांगायचं, यावर आपण अडलो. ते अजून ठरलेलं नाही. फोनही लावलेला नाही.