मनगटावर पाणी

सकाळी इंदापूरहून फोन आला. वडिलांचे जुने दोस्त फौजीचाचा, त्यांची मुलगी बोलत होती. "अब्बा गेले," ती म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाली, "त्यांनी सांगून ठेवलंय, आंघोळ तुमीच घालायची. दुपारच्या नमाजाआधी या."

मी हो म्हणालो. जळोचीतल्या माझ्या घरात, पुस्तकांच्या कपाटासमोर उभा होतो.  दुःख नंतर आलं. आधी भीती आली.

आमच्यात माणूस गेला की दफनाआधी त्याला आंघोळ घालतात. पुरुषाला पुरुषांनी, अंगावर चादर ठेवून, हाताला कापड गुंडाळून, उजवी बाजू आधी. हे काम खरं तर घरच्यांचं. पण पुष्कळ घरांत कुणाला धीर होत नाही, आणि अशा घरांतून चाचांना बोलावणं जायचं. लढाईवरून परतल्यापासून त्यांनी आयुष्यभर हेच केलं. पळसदेवला धरणाच्या पाण्यात कुणी बुडालं की पोलीसही त्यांनाच बोलवायचे. बुडालेला कुठल्या धर्माचा, हे ते विचारत नसत. घरच्यांनी पाहण्याआधी त्याच्या तोंडावरचा चिखल धुवायचे, नाकातलं शेवाळ काढायचे, केस सारखे करायचे. मग बाजूला होऊन विडी ओढायचे.

एवढं का करता, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "लढाईत माझा एक जोडीदार चिखलात पडला. मागं वळायचा हुकूम नव्हता. त्याला तसाच टाकून आलो. त्याचं तोंड कुणी धुतलं का न्हाय, काय ठावं." पुन्हा कधी तो विषय निघाला नाही.

माझी भीती माझ्या वडिलांपासूनची. ते गेले तेव्हा मी चाळिशीचा होतो. आंघोळ चाचा घालत होते आणि पाणी ओतायचं काम माझ्याकडे होतं. मी घाईत नळाखालच्या बादलीत तांब्या बुडवला आणि ओतला. चाचांनी माझा हात धरला.

"मनगटावर घिऊन बघितलंस?"

"नाही."

"गार हाय. लेकराला घातलं असतंस का असं?"

"चुकलं चाचा."

"मला काय सांगतो? त्यांना सांग."

मला वडिलांची माफी मागता आली नाही. मग शेवटी त्यांना पाठीशी हात देऊन अर्धवट बसवलं, पोटात राहिलेलं निघून जावं म्हणून पोटावरून हलका हात फिरवला, आणि त्यांच्या तोंडातून आवाज आला. लांब, ओलसर उसासा. मी तांब्या टाकून पळालो. थेट रस्त्यावर येऊन थांबलो. उरलेलं सगळं चाचांनी एकट्यानं केलं.

"हवा असती ती," नंतर ते म्हणाले. "माणूस जातो, हवा मागं ऱ्हाती." त्यानंतर कुठं बोलावणं आलं की मला विचारायचे, "येतो का पुस्तकवाल्या? भुतं तुझ्या पुस्तकात असत्यात, हितं न्हाईत." मी दरवेळी काहीतरी कारण काढायचो. तेही ओळखून हसायचे.

इंदापूरची एसटी त्या दिवशी कधी नव्हे ती वेळेवर होती. वाटेत बंद पडावी, असं मला मनापासून वाटत होतं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटत होतं.

चाचांचा जावई दारात उभा होता. आतल्या खोलीत तख्त मांडलेलं, त्यावर चाचा, अंगावर चादर. बोरीचा पाला घालून उकळलेलं पाणी, गार पाण्याची बादली, कापूर. जावई दार लावता लावता थांबला.

"कडी घालू का? अब्बा म्हणालेत, त्यो पळंल, कडी घाला."

डोळे पुसत तो हसला. मला हसू आलं नाही. 

"नको घालू," मी म्हणालो.

मी गरम पाण्यात गार मिसळलं, मनगटावर घेतलं. चटका बसला. आणखी गार घातलं, पुन्हा घेतलं. चाचा प्रत्येकाला सांगत सांगत धुवायचे, तसं मीही बोलू लागलो. "आता हात धुतो, चाचा." आवाज कुणा दुसऱ्याचा वाटत होता. डोकं झालं. मग मी घाईत डाव्या खांद्यावर पाणी ओतलं. जावयानं माझ्याकडे पाहिलं. मी थांबलो.

"चुकलं चाचा. पुन्हा उजवीकडून घेतो."

या वेळी ज्याला सांगायचं त्यालाच सांगितलं.

मग त्यांना बसवायची वेळ आली. जावयानं खांदे धरले, मी पाठीला आधार दिला. पुढं काय येणार ते मला ठाऊक होतं, आणि त्यानं भीती कमी झाली नाही, वाढली. मी पोटावरून हात फिरवला. उसासा आला, माझ्या कानाशी, वडिलांचा आला होता तसाच. पाय दाराकडे वळले. पण माझा हात त्यांच्या पाठीखाली होता. काढला असता तर ते मागं पडले असते.

"हवा आहे," मी म्हणालो. त्यांना की मला, कोण जाणे. मग शेवटचं कापराचं पाणी घातलं, अंग पुसलं, कफन चढवलं.

बाहेर माणसं जमली होती. चाचा कधी कुणासमोर सदरा काढत नसत, त्यामुळे त्यांच्या अंगावरच्या गोळीच्या खुणेबद्दल गावात पैजा लागत. एका म्हाताऱ्यानं मला बाजूला घेतलं.

"गोळी छातीवर व्हती का पाठीवर? तुमी तर बघितली आसंल."

आंघोळ घालणाऱ्यानं आत जे पाहिलं ते बाहेर सांगायचं नसतं. चाचांनी इतकी माणसं धुतली, पण कधी कुणाचं काही सांगितलं नाही. 

"पाणी कोमट होतं," मी म्हणालो, आणि जनाजा उचलायला पुढं झालो.