माळवदावरची माती

ये, अशी जवळ सरकून बस. दारातूनच विचारपूस करून पळायची ही कुठली नवी रीत काढलीस? आज तुला माझ्या विहीणबाईंचं सांगते. निलंग्याकडच्या या बाईएवढी भूकंपाची तयारी साऱ्या मराठवाड्यात, सरकार धरून, कुणी केली नसेल.

मोठ्या भूकंपात त्यांच्या पलीकडची गावं झोपेत गेली आणि यांचं दगडमातीचं घर तेवढं उभं राहिलं. व्याही त्या घरावर खूश, बाई कायमच्या नाराज. उतरंडी मोडून त्यांनी सगळी गाडगी-मडकी जमिनीवर मांडली. स्वयंपाकघरात जायचं म्हणजे कुंभाराच्या अंगणातून वाट काढायची. दाराला आतून कडी नाही, नुसती सुतळी. आणि गळ्यात इष्टलिंगाच्या शेजारी शिट्टी. माझ्या लेकीच्या डोहाळजेवणात ताटं वाढून झाली आणि बाईंनी ती फुंकली. साऱ्या बायका अंगणात पळाल्या. मीही विहिणीचा मान विसरून पुरणपोळीसकट लिंबाखाली उभी. आत एकटे व्याही, निवांत तूप वाढून घेत बसलेले. म्हणाले, "त्या धक्क्यात पडलं न्हाई, ते आता काय पडतंय?"

बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "माझं नातवंड या मातीखाली निजणार न्हाई. बाळंतीण परत यायच्या आत माळवद उतरलं पायजे."

घर गळू नये म्हणून दरवर्षी मिरगाच्या आधी माळवदावर, म्हणजे धाब्याच्या सपाट छतावर, पांढऱ्या मातीचा थर घालायचा, ही तिकडची रीत. बाईंच्या सासऱ्यांच्या काळापासूनचे थर साचून छत हातभर जाड झालेलं. लेक बाळंतपणाला माझ्याकडे अर्धापूरला आली आणि तिकडे बाईंनी पदर खोचून शिडी लावली. बोलावलेले मजूर व्याह्यांनी परत पाठवले, तर एकट्याच टोपलं टोपलं माती खाली ओतत राहिल्या. वर्ष दुष्काळाचं, टँकरची वाट बघून गाव आंबलेलं. शेजारणी म्हणायच्या, आधीच देव रुसलाय, त्यात ही छत उघडून बसली. कुणी विचारलं, आता पाऊस आला तर? वरूनच उत्तर आलं, "आला तर भिजू. भिजलेलं माणूस वाळतंय, दबलेलं उठत न्हाई." व्याही रागानं गोठ्यात निजायला गेले. बाई म्हणाल्या, बरं झालं, गोठ्याला पत्रे हायत, एका माणसाची काळजी मिटली.

लेक बाळाला घेऊन परतली तेव्हा मी सोबत होते. डोक्यावर नवे पत्रे, घर भट्टीसारखं तापलेलं. पाळणा टांगला. व्याही दारात बराच वेळ घुटमळले, मग आत येऊन, वर न बघता, पाळण्याची दोरी हातात घेतली. बाईंनी सरकून त्यांना पाळण्याशी जागा करून दिली. असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

तसा भूकंप पुन्हा काही आला नाही. नातू आता दाढी करतो आणि आजीला हसतो. "न्हाई आला तर माझं काय बिघडलं?" बाई म्हणतात. पण हल्ली बोलता बोलता त्यांचा डोळा लागतो. सगळे निजल्याशिवाय ही बाई कधी निजली नव्हती गं. आता तिला अशी झोपलेली बघितली की बरंही वाटतं आणि कसंसंही होतं. मी तिकडेच निघालेय, राहीन थोडे दिवस. तूही ये बाई त्यांना भेटायला. लवकर ये.