काकूंचा उजवा खांदा

परांचीवरून पडून रंगारीकाकांचा डावा पाय गेला, आणि त्या दिवसापासून काकूंचा उजवा खांदा काकूंचा राहिला नाही. संडासला जायचं, दे खांदा. दोन पायऱ्या उतरायच्या, दे खांदा. शिवाय कपडे दुरुस्तीच्या दुकानात दिवसभर मान मोडून शिलाई. नवा कृत्रिम पाय बसला तेव्हा काकूंना वाटलं, सुटले बाई एकदाची! कसलं काय. सरावालासुद्धा काका त्यांना धरल्याशिवाय पाऊल टाकेनात.

दवाखान्यातल्या सरावाच्या खोलीत भिंतीवर कॅमेरे होते आणि हजारो माणसांच्या चाली पाहून शिकलेला एक कॉम्प्युटर. तो काकांची चाल बघायचा आणि गोड आवाजात सांगायचा, "डाव्या पायावर भार द्या."

"देतोय की!" काका करवादायचे. तो पुन्हा तेच. "हा नक्की हिच्या माहेरचा," काका म्हणायचे. काकूंच्या अंगात हसायचंही त्राण नसायचं.

एके दिवशी व्यायाम घेणाऱ्या ताईंनी स्क्रीन काकूंकडे वळवला. "काकू, रागावू नका. याच्या हिशेबाने काका पायावर भार देतच नाहीत, तुमच्यावर देतात. तुम्ही धरलंत तर ते कधीच चालणार नाहीत."

काकूंचं डोकंच फिरलं. "म्हणजे मीच आडवी येतेय? इतके महिने मरमर मरतेय, आणि या डबड्याला माझीच चूक दिसली?"

"काकांच्या कमरेला छतावरचा सरकता पट्टा बांधलाय, तो त्यांना पडू देणार नाही," ताई हळूच म्हणाल्या.

"मला भीती वाटते गं," काका म्हणाले. लग्नानंतर हे वाक्य काकूंनी पहिल्यांदाच ऐकलं. तरीही त्या तरातरा पलीकडच्या भिंतीशी गेल्या आणि बाकावर बसल्या. पाठ टेकली मात्र, डोळे कधी मिटले ते कळलंच नाही.

जाग आली तर समोर काका उभे. घामाने निथळत होते, आणि त्यांना कुणी धरलेलं नव्हतं.

"अगंबाई! हाक मारायची की!" काकू धडपडत उठल्या आणि सवयीने खांदा पुढे केला.

काकांनी तो धरला नाही. "बस गं. किती दिवसांनी झोपलीस. मी अजून एक फेरी मारून येतो."

ते वळले, वाकडेतिकडे, पण आपल्या पायावर. काकू पुन्हा बाकावर बसल्या आणि दुखरा खांदा हाताने दाबत पोटभर रडल्या.