घेतलेली नावं

तिथी सांगणारा माझा छोटा प्रोग्रॅम सगळ्यांना फुकट वापरता यावा म्हणून इंटरनेटवरच्या सामायिक भांडारात ठेवायला बसलो, तर 'तिथी' हे नाव कुणीतरी आधीच घेतलेलं. उघडलं, तर आत एकच जुनी ओळ: 'लवकरच काम सुरू करतो.' 'पंचांग'चंही तेच, 'दिनमान'चंही तेच. आणि एकदा दिलेलं नाव तिथे दुसऱ्याला देत नाहीत.

"आत काहीच नाही गं, नुसतं नाव," मी वैतागून बायकोला म्हणालो.

"मग कशाला सारखं उघडून बघताय? रिकामा पाळणा हलवू नये."

बारसं उरकून बसलेला हा 'तिथी'वाला माणूस कोण असेल? हौसेनंच ठेवलं असेल नाव. मी आता दमलो होतो. माझ्या 'तिथी'पुढे दोनचा आकडा जोडला आणि त्या माणसाचं रिकामं पान हळूच मिटलं. न जाणो, बाळ यायचं असेल अजून.