बोटीचं बारसं

जगन्नाथराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. सगळी नोकरी त्यांनी कालव्याचं पाणी मोजण्यात घालवली आणि त्यातली बरीच वर्षं कालव्यात मोजण्याजोगं पाणीच नव्हतं. तरी ते इमानानं मोजत राहिले. अशा माणसाला म्हातारपणी शिडाची बोट घ्यावीशी वाटली, तर त्यात आमच्या तीर्थपुरी गावाला नवल वाटायचं कारण नव्हतं. पण वाटलं. त्यांच्या शेजारी राहत असल्यामुळे लोक त्याचा खुलासा मला मागायचे.

खुलासा म्हणजे शैलाताई, जगन्नाथरावांच्या पत्नी. उपकेंद्रातल्या नर्स. गोदाकाठची अर्धी गंगथडी त्यांच्या हातावर जन्मली आणि उरलेल्या अर्धीनं त्यांच्या हातची इंजेक्शनं खाल्ली. पुढे सरकारनं त्यांना निवृत्त केलं, लोकांनी मात्र केलं नाही. सकाळी चहा गाळायला घेतला की दारात हाक यायची, "शैलाताई, हाईत का?" हा प्रश्न नसतो. विचारणारा तोवर बाही वर करून ओसरीवर बसलेला असतो. कडूबा तर बाजाराला निघाला तरी आधी बीपी दाखवून जायचा. बाजारात भाव ऐकून वाढलं तर आधी किती होतं हे माहीत असावं, म्हणून.

शैलाताईंनी कधी कोणाला परत पाठवलं नाही. पण त्या बाजेवर टेकल्या तरी एक पाय चपलेत असायचा. जेवतानासुद्धा चप्पल पाटाशेजारी. "नीट बस की जरा," जगन्नाथराव म्हणायचे. "बसते की. परत उठायचंच आहे," असं त्या म्हणायच्या. चिडून म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या अगदी शांतपणे म्हणायच्या, जसं आपण पाऊस येणार नाही म्हणतो.

मुलगा स्वानंद एकदा दोघांना मालवणला घेऊन गेला. तिथल्या माणसानं बोट आत नेऊन इंजिन बंद केलं आणि शीड सोडलं. थोड्या वेळानं शैलाताई बसल्याजागी झोपल्या. दिवसाढवळ्या, तोंड थोडं उघडं ठेवून. जगन्नाथराव ऊन त्यांच्या चेहऱ्यावर येऊ नये म्हणून त्या बाजूला सरकून बसून राहिले. परत आल्यावर आम्ही विचारलं, समुद्र कसा होता? म्हणाले, "हिला झोप लागली." मासे कसे होते? "अहो, झोपली ती."

गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, बंधारे झाल्यापासून आमच्याकडेही पाणी लांबवर उभं राहतं. जगन्नाथरावांनी पैठणकडून एक जुनी मासेमारीची बोट आणली. तिची भोकं बुजवली, ती घासली, मध्ये लाकडाची डोलकाठी उभी केली. शीड आष्टीच्या बाजारात ताडपत्री शिवणाऱ्याकडून शिवून घेतलं. तो म्हणाला, "मला ट्रकचं माप ठावं हाय साहेब, वाऱ्याचं न्हाई. उडून गेलं तं मला बोलू नका." मागच्या भागावर बैलगाडीसारखं गोल छत, खाली गादी, एक स्टोव्ह, पाण्याचा ड्रम. दोघांनी निघायचं, वारा नेईल तिथं जायचं, पाणी संपलं की मागं फिरायचं. शैलाताईंना हे सगळं पटलं होतं असं नाही. पण "तिथं दार नाही वाजणार," एवढं एक वाक्य त्यांच्या मनात बसलं. मला वाटतं, त्या वाक्यावर त्या थोड्या जगतही होत्या.

रंगाऱ्यानं घोळ केला. बोट रंगवून झाल्यावर तो ब्रश घेऊन उभा राहिला. "काय टाकू?" आमच्याकडे कोऱ्या कपाळाची गाडी रस्त्यावर येत नाही. टेम्पोवर आईवडिलांचा आशीर्वाद असतो, ट्रॅक्टरवर लेकीचं नाव. जगन्नाथरावांना बायकोला चकित करायचं होतं. त्यांनी सांगितलं आणि रंगाऱ्यानं दोन्ही अंगांना लाल अक्षरात, पिवळी सावली देऊन, 'शैला' लिहिलं. पलीकडच्या काठावरून वाचता येईल एवढं.

शैलाताईंनी ते पाहिलं. "बरंय," म्हणाल्या. ज्यांचं लग्न झालंय त्यांना या 'बरंय'चा अर्थ सांगायला नको.

पहिल्या फेरीला निघाले. वारा मंद होता, बोट काठाकाठानं सरकत होती. शैलाताईंनी गादीवर आडवं होऊन एक चप्पल काढली. दुसरी काढणार, तोच काठावरून आवाज आला.

"शैलाताई, हाईत का?"

बाभळीखाली कडूबा उभा होता, बाही वर केलेली. "लांबूनच वाचलं म्हनलं. मशीन आणलंय न्हाई का?"

मशीन आणलं होतं. सवयीनं पिशवीत आलं होतं. बीपी बघितलं. कडूबा खुशीत मोबाइल काढून पुढच्या गावाला सांगू लागला, "बोट निघालीय तुमच्याकडं. उपाशीपोटी थांबा म्हनावं शुगरवाल्यांनी." पुढच्या वळणावर माणसं बसलेलीच होती. त्याच्या पुढच्या वळणावर एक बाई बाळंतिणीला घेऊन आली होती. शीड उतरवा, वल्ह्यानं काठ गाठा, परत शीड चढवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं घरी आले तेव्हा शैलाताईंच्या पायात दोन्ही चपला होत्या.

"मी नाही यायची आता," त्या म्हणाल्या. "घराला निदान दार तरी आहे. लावता येतं." मग म्हणाल्या, "लोकांचं काही चुकत नाही हो. मीच संपलेय."

हे जगन्नाथरावांनी मला सांगितलं तेव्हा ते स्वतःच आडवे पडावेत असे दिसत होते. अक्षरं खरडून टाकावीत म्हटलं तर रंगारी तयार होईना. "कोरी सोडणार न्हाई. दुसरं काय ते सांगा."

ही बातमी बदनापूरला त्यांच्या थोरल्या बहिणीला, दुर्गाबाईंना पोचली. त्यांचा फोन मलाही भिंतीपलीकडून ऐकू आला. "बारसं केलं न्हाई अन् नाव टाकून मोकळा झालास? आत्या मेली का रे?" त्यांचं बरोबर होतं. आमच्याकडे नाव ठेवायचा मान आत्याचा. जगन्नाथरावांनी ते बोटीला लागू होतं का एवढंच विचारलं आणि तिथंच त्यांचं चुकलं. रविवारी दुर्गाबाई गुडघ्यांना पट्टे बांधून एसटीनं हजर.

घाटावर आम्ही पाच जणं होतो. माझ्या बायकोनं घुगऱ्या करून आणल्या होत्या. शैलाताई पायरीवर बसल्या होत्या, एक पाय चपलेत. चला म्हटलं म्हणून आल्या होत्या.

दुर्गाबाईंनी बोटीवरचं वाचलं.

"हे नाव म्याच ठेवल्तं," त्या म्हणाल्या.

ते मला माहीत नव्हतं. लग्नात नवरीचं नाव बदलायचं, ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहायचं, ही पद्धत. त्या वेळी दुर्गाबाई जालन्याला कॉलेज शिकून आलेल्या. त्यांना नवरीचं मूळचं नाव शेतातलं वाटलं. त्यांनी भावाच्या कानात 'शैला' सांगितलं आणि भावानं, मोजमापाच्या माणसानं, सरळ रेषेत लिहिलं.

"मला कोणी विचारलं न्हवतं," शैलाताई पायरीवरून म्हणाल्या. तक्रार नव्हती.

"तव्हा नवरीला विचारत न्हवते. आता विचारतात म्हणं, अन् मंग नवरी तिचंच ठेवती." दुर्गाबाई कशाबशा वाकल्या. "त्या एका नावावर तू आयुष्यभर राबलीस. आता बोटीलाबी त्याच नावानं राबवायचं का? जगन्या, हिचा कान कुठंय?"

"कोणाचा?"

"बोटीचा रे."

यावर थोडी चर्चा झाली. शेवटी पुढच्या टोकाजवळ, डाव्या अंगाला कान ठरला. दुर्गाबाईंनी तिथं तोंड नेलं, "कुर्रर्र" केलं आणि सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाल्या, "दैवशाला."

रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत बुक्क्या मारायच्या असतात. तो मान बायकांचा. शैलाताई उठल्या आणि त्यांनी मारल्या. शेवटची जरा जोरात होती.

"वन्स, ध्यानात होतं तुमच्या?"

"पुसलं म्याच की." दुर्गाबाई पाठ चोळत म्हणाल्या. "लागलं ना गं."

शैलाताई परत बसल्या. घुगऱ्यांचा द्रोण हातात घेतला. "माय गेल्यापासून या नावानं कोणी हाकारलं नाही," म्हणाल्या. मग एक घास खाऊन माझ्या बायकोला, "मीठ कमी पडलंय."

पुढचं मला कडूबानं सांगितलं. चार-पाच दिवसांनी वळणावर बोट दिसली म्हणून तो बाही वर करत बाभळीखाली गेला. लाल अक्षरं तीच, पिवळी सावलीही तीच, पण लिहिलेलं वेगळंच. जगन्नाथराव सुकाणू धरून बसले होते. पाठ छताकडे, ऊन अडवून.

"शैलाताईंची बोट न्हाई का ही?"

"वाचा की."

कडूबानं वाचलं. "ह्या दैवशालाबाई कोण म्हणायच्या?"

जगन्नाथरावांनी मागं पाहिलं. छताखालून दोन तळपाय बाहेर आले होते. त्यांच्यापासून लांब, डोलकाठीपाशी, दोन चपला जोडून ठेवलेल्या होत्या.

"झोपल्यात त्या," ते म्हणाले.

कडूबा काही भोळा नाही. त्या चपला तो ओसरीवर वर्षानुवर्षं बघत आलाय. त्यानं बाही खाली केली, बटण लावलं आणि जरा बाजूला जाऊन पुढच्या गावाला फोन लावला. "बोट येऊन राह्यली. हाका मारू नका कोणी. दुसरंच माणूस हाय तिच्यात."